उतार मोजता येतो, बर्फाचा अंदाजच असतो

प्रश्न थोडक्यात असा: तीन दिवसांपूर्वी घोट्याच्या वर येईल इतका नवा बर्फ पडला, तेव्हापासून आकाश निरभ्र आहे, हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोक्याच्या चढत्या पाच पातळ्यांपैकी दुसरी दिली आहे, खिंडीखालच्या उघड्या उतारावर कालच्या गटाची पावलवाट स्पष्ट दिसते आणि शेजारी बर्फात खड्डा खणून थर किती पक्के आहेत याची घेतलेली चाचणीही चांगली आली. मग तो उतार आडवा ओलांडायला हरकत आहे का?

या सगळ्यावरून उत्तर देता येणार नाही, कारण मी जिथून सुरुवात केली असती ती गोष्टच प्रश्नात नाही. उतार किती अंशांचा आहे? त्याच्या डोक्यावर काय आहे आणि पायथ्याशी काय आहे? वरची सगळी माहिती बर्फाबद्दलची आहे, आणि बर्फाबद्दल आपल्याला जे कळतं तो कितीही केलं तरी अंदाज असतो. उताराचा कोन मोजता येतो, आणि तो काल होता तोच आज असतो. म्हणून मी आधी डोंगर पाहते, बर्फ मागाहून.

हिमस्खलनाचे प्रकार बरेच असले तरी माणसं दगावतात ती मुख्यतः एकाच प्रकारात. भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली येताना रुंदावत जातो. तो पाय उपटून कड्यावरून ढकलून देऊ शकतो, पण त्यातून बाहेर पडण्याची शक्यता बरी असते. खरी भीती स्लॅबची. वर एकसंध धरलेला थर, त्याखाली एक कमकुवत थर आणि त्याखाली घसरायला मिळणारा पृष्ठभाग, अशी ती रचना. स्लॅब कडकच असतो असं नाही. बूट सहज आत जाईल इतका मऊ थरसुद्धा स्लॅब होऊन सुटतो. आपलं वजन कमकुवत थरापर्यंत पोहोचलं की तो तिथे खचतो आणि हे खचणं आडवं पसरत जातं. क्षणार्धात वर कुठेतरी सरळ, आडवा तडा जातो. तो तडा बहुधा आपल्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतो, म्हणजे स्लॅब सुटतो तेव्हा आपण त्याच्या मधोमध उभे असतो. काही सेकंदांत वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात जातो, तेव्हा बाजूला पळून जाऊ हा विचार सोडून द्यावा. जीवघेण्या अपघातांपैकी साधारण ९० टक्के वेळा स्लॅब सोडवणारा माणूस म्हणजे सापडलेला स्वतः किंवा त्याच्याच गटातला कोणीतरी असतो. डोंगर आपल्यावर कोसळला असं आपण म्हणतो, पण बहुतेकदा आपणच त्याला पाडलेलं असतं. कुठे पाऊल टाकायचं हे आपल्या हातात आहे, एवढी यात सोय आहे.

आता कोन. कोरडे स्लॅब मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, सर्वांत जास्त ३८ अंशांच्या आसपास. ३० च्या खाली कोरड्या बर्फाला सुटण्याइतकी ओढ क्वचितच मिळते. ५५ च्या पुढे बर्फ फारसा साठतच नाही, पडता पडता झडत राहतो. घात असा की ३५ ते ४० अंशांचा उतारच स्कीवाल्यांना सर्वांत आवडतो, खिंडीकडे जाणारा जवळचा रस्ताही बहुधा तिथूनच जातो, आणि डोळ्यांनी कोन कळत नाही. समोरून पाहिला की उतार आहे त्यापेक्षा उभा दिसतो, वरून पाहिला की आहे त्यापेक्षा सौम्य. सरावलेली माणसंही सहज पाच अंशांनी चुकतात, आणि २९ व ३४ यांतला फरक पाचच अंशांचा आहे. तेव्हा मोजा. बऱ्याच होकायंत्रांत क्लिनोमीटर म्हणजे कोनमापक असतो, फोनमध्येही ॲप मिळतं. फोन थेट बर्फावर टेकवू नका. चालण्याची काठी उताराच्या दिशेने बर्फावर टाका आणि तिच्यावर फोन ठेवा, म्हणजे लहानसहान उंचसखलपणा हिशेबातून जातो. मात्र मोजायचं ते उताराच्या बाहेर, सौम्य जागी उभं राहून. संशयित उताराच्या मध्यावर जाऊन कोन मोजणारे लोक मी पाहिले आहेत. त्या मोजणीचा काय उपयोग ते त्यांनाच ठाऊक.

यातलं बरंचसं काम निघण्याआधी नकाशावर होतं. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषांमध्ये ४० मीटरचं अंतर असेल, तर ३० अंशांच्या उतारावर लागोपाठच्या दोन रेषा कागदावर साधारण १.४ मिलिमीटर अंतराने येतात. १:२५,००० चा नकाशा आणि २० मीटरच्या रेषा असतील तरी आकडा तोच येतो. त्याहून दाट रेषा दिसल्या की तो उतार संशयित धरायचा. ॲपमध्ये उतारांचे रंगीत थर दाखवतात तेही उपयोगी, पण त्यांचा विदा ठरावीक अंतरावरच्या उंच्यांवरून काढलेला असतो. मध्येच दहा-पंधरा मीटरचा उभा टप्पा असेल तर रंगात तो दिसत नाही, आणि स्लॅब सुटायला तेवढा टप्पा पुरतो. उतार जिथे फुगून पुढे वळतो तिथेच बर्फावर ताण सर्वांत जास्त असतो, म्हणून असे फुगवटे नकाशावर आधीच खुणावून ठेवावेत.

पायाखालचा कोन मोजून काम संपत नाही. कमकुवत थर खचण्याची लाट पसरत जाते, त्यामुळे खालच्या सपाटीवर चालणारा माणूसही शंभर-दोनशे मीटर वरचा उतार सोडवू शकतो. तेव्हा आपण २० अंशांवर आहोत पण त्याला लागून वर ३८ अंश आहेत, असं असेल तर आपण ३८ अंशांवरच आहोत असं समजावं. वरून आपोआप सुटणारं स्खलन कुठवर येईल याचाही एक अंदाज घेता येतो. आपण उभे आहोत तिथून वरच्या उताराच्या सर्वांत उंच टोकाकडे कोनमापक रोखायचा. कोन २५ अंशांहून जास्त आला तर मोठं स्खलन तुमच्यापर्यंत येऊ शकतं. अतिमोठी स्खलनं २० अंशांच्या आसपासपर्यंतही पोहोचतात. तंबूची जागा निवडताना हे फारच कमी लोक पाहतात. पाणी जवळ, वारा कमी, जागा सपाट, की लागले तंबू ठोकायला. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात स्खलन शिरलं आणि ३१ माणसं गेली. गाव दरीच्या तळाशी होतं आणि ज्या भागात ते शिरलं त्यातला काही भाग सुरक्षित मानला जात असे. आपल्या एका रात्रीच्या तंबूचा विचार यापेक्षा सैल असून चालणार नाही.

पायथ्याचं पाहणं त्याहून सोपं आणि त्याहून जास्त वेळा विसरलं जाणारं. अरुंद घळ, नाळेचं तोंड, ओढ्याचं पात्र, रस्त्यासाठी उतारात कापलेली सपाट पट्टी, अशा ठिकाणी सुटलेल्या बर्फाला पसरायला जागा नसते, म्हणून लहानसं स्खलनही माणसाला खोल पुरतं. खाली कडा, मोठे खडक किंवा झाडं असतील तर पुरलं जाण्याआधीच इजा होते. कॅनडातल्या मृत्यूंच्या एका अभ्यासात जवळजवळ एक चतुर्थांश माणसं मार लागून गेलेली आढळली. झाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. झाडांमधून स्की घेऊन आरामात वळता येत असेल तर ती झाडी बर्फ धरून ठेवण्याइतकी दाट नाही.

हे सगळं झाल्यावर मी तुमच्या पाच मुद्द्यांकडे येते.

तीन दिवस ऊन. नवा बर्फ आणि वाऱ्याने आणलेला बर्फ काही दिवसांत बसतो, त्याचे कण एकमेकांना धरतात, हे खरं आहे. बहुतेक स्खलनं हिमवर्षाव चालू असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत होतात. पण हा हिशेब तेव्हाच चालतो जेव्हा त्रास फक्त नव्या बर्फाचा असतो. जुन्या बर्फात एखादा टिकाऊ कमकुवत थर असेल तर तीन दिवस काय, तीन आठवडेही कमी पडतात.

असा थर कसा तयार होतो ते समजून घेणं फायद्याचं आहे, कारण मग हंगामभराच्या हवामानावरूनच त्याचा संशय घेता येतो. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास असतो. निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग उणे १५, उणे २० पर्यंत जातो. बर्फ दोन-तीन मीटर जाड असेल तर हा फरक जाडीभर वाटला जातो. पण बर्फ अर्धा-पाऊण मीटरच असेल तर दर १० सेंटीमीटरला दोन-तीन अंशांचा फरक पडतो. दर १० सेंटीमीटरला एक अंशाच्या वर गेलं की बर्फातली वाफ खालच्या उबदार भागातून वर सरकत राहते आणि गोलसर, एकमेकांना चिकटलेल्या कणांचे पैलूदार, सुटे कण होतात. मुठीत दाबला तरी असा बर्फ गोळा होत नाही, साखरेसारखा बोटांतून गळतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला यंदा बर्फ कमी आहे, धोका कमी, असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते. पातळ बर्फ आणि लांबलेली निरभ्र थंडी यांतून सगळा हिवाळा पुरेल असा कुजका पाया तयार होतो, आणि पुढे पडणारा प्रत्येक मोठा हिमवर्षाव त्याच्यावर बसतो.

दुसरा टिकाऊ थर पृष्ठभागावर जन्मतो. निरभ्र, निवांत आणि दमट रात्री हवेतली वाफ थेट बर्फावर जमून पातळ, चकाकणारे स्फटिक उभे राहतात. सकाळी उन्हात अख्खा उतार लखलखतो आणि सगळे फोटो काढतात. पुढचा बर्फ त्यांच्यावर अलगद पडला की ते स्फटिक आडवे न होता तसेच गाडले जातात. खड्ड्याच्या भिंतीत मग तिथे जेमतेम एक करडी रेघ दिसते. तो थर आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि वाऱ्याने एका उतारावर मोडला असेल तर शेजारच्या आडोशाला शाबूत असतो. बुलेटिनमध्ये अमुक तारखेचा गाडलेला थर असा उल्लेख आला तर ती तारीख लक्षात ठेवून पुढच्या प्रत्येक दिवशी तिचं काय झालं ते वाचत राहावं.

ऊन कुठे लागतं तेही पाहा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या उतारांवर उन्हाचं काम होतं; उत्तरेकडच्या उतारांवर हिवाळ्यात ते जवळजवळ पोहोचतच नाही, तिथला बर्फ थंड आणि सुटा राहतो. शिवाय आकाश निरभ्र असलं म्हणून उतारावरचा भार वाढणं थांबलं असं होत नाही. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला टाकतो, आणि हे काम तो आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने करू शकतो. धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसला, तर वाऱ्याआडच्या उतारावर त्या क्षणी नवा स्लॅब रचला जातोय. धारेवर बर्फाची छज्जी म्हणजे कॉर्निस कुठल्या बाजूला झुकली आहे, त्यावरून हंगामभर भार कुठे पडलाय ते कळतं. कॉर्निसवर उभं राहून खाली डोकावणं टाळा; ती वाटते त्यापेक्षा बरीच मागून तुटते.

बुलेटिनची दुसरी पातळी. युरोपात १९९३ पासून पाच पातळ्यांची एकच श्रेणी वापरतात: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिजास्त. हे आकडे सरळ चढत नाहीत. प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटींनी वाढतो. सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पातळीवर होतात, कारण चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात आणि तिसरी ऐकली की मधलीच तर आहे म्हणून निघतात. दुसऱ्या पातळीवरही माणसं दगावतात, आणि ती बहुधा वर सांगितलेल्या गाडलेल्या थरामुळे: सोडवणं कठीण, पण सुटलं तर मोठं. म्हणून आकड्यावर थांबू नका. पुढचे परिच्छेद वाचा, अडचण नव्या बर्फाची, वाऱ्याच्या बर्फाची, जुन्या थराची, ओल्या बर्फाची की अख्ख्या थराच्या सरकण्याची, आणि ती कुठल्या दिशेच्या, किती उंचीवरच्या उतारांवर सांगितली आहे ते पाहा. तुमचा खिंडीखालचा उतार नेमका त्या दिशेत आणि उंचीत बसत असेल तर दुसऱ्या पातळीचा दिलासा तुमच्यासाठी नाही.

जिथे बुलेटिनच निघत नाही किंवा एकच बुलेटिन अख्ख्या खोऱ्यांना लागू असतं, तिथे मी तिसरी पातळी गृहीत धरते आणि पुरावा दिसेल तशी वर सरकवते, खाली सहसा नाही. महिन्यावरून तर काहीच ठरवू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखराजवळ प्रशिक्षणार्थी गिर्यारोहकांची तुकडी स्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण गेले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता.

कालची पावलं. काल त्या वेळी, त्या वजनाने, त्या पावलांखाली थर खचला नाही, याहून अधिक ती काही सांगत नाहीत. स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी नसते. जाड भागावरून दहा माणसं जातात, अकराव्याचा पाय खडकाशेजारच्या पातळ जागी पडतो, वजन कमकुवत थरापर्यंत पोहोचतं आणि सगळा उतार सुटतो. दहाही जणांच्या वाटेसकट. अमेरिकेत संशोधक इयन मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांना माणसं फसण्याच्या काही ठरावीक पद्धती सापडल्या: ओळखीचा उतार, गटात चांगलं दिसण्याची ओढ, ठरवलेला बेत सोडवत नाही, कोणीतरी अनुभवी पुढे आहे, संधी पुन्हा येणार नाही, आणि दुसरेही तिथे आहेतच. तुमच्या प्रश्नातली पावलं या यादीत बसतात. मी स्वतः पावलवाट दिसली की ती आहे तिथेच सोडून माझी वाट नव्याने आखते. ती शेवटी त्याच वाटेवर पडली तर पडली.

खड्ड्यातली चाचणी. बहुतेक जण आता विस्तारित स्तंभाची चाचणी घेतात: उतारावर आडवा ९० सेंटीमीटर आणि वरच्या दिशेने ३० सेंटीमीटर असा बर्फाचा स्तंभ सुटा करायचा, एका टोकावर फावड्याचं पातं ठेवायचं, मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० असे थापे मारायचे. तडा पडला की नाही यापेक्षा तो त्याच थाप्याला किंवा पुढच्याला स्तंभाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावला की नाही, हे पाहायचं असतं. धावला तर घरी जा. नाही धावला तर काय? त्या एका जागी, त्या वेळी नाही धावला. वीस पावलांवर चित्र वेगळं असू शकतं, आणि सुरक्षित म्हणून निवडलेली खड्ड्याची जागा ही तशीही सर्वांत धोकादायक जागा नसतेच. माझा नियम साधा आहे: चाचणी नाही म्हणाली तर ऐकायचं, हो म्हणाली तर तिचं मत धरायचं नाही. खड्डा खणायचा तो कमकुवत थर कुठे आहे, किती खोल आहे, बुलेटिनमध्ये लिहिलं तसं आहे का, हे पाहायला.

त्यापेक्षा डोंगर स्वतः जे ओरडून सांगतो ते ऐकायला खड्डा लागत नाही. आसपास सारख्या दिशेच्या उतारावर ताजं स्खलन झालेलं दिसलं. पायाखाली धप्प असा आवाज होऊन बर्फ जरासा बसला. स्कीच्या किंवा बुटाच्या पुढे तडे पळत गेले. गेल्या चोवीस तासांत ३० सेंटीमीटरच्या आसपास बर्फ, किंवा त्याहून कमी पण जोरदार वाऱ्यासह, किंवा बर्फावर पाऊस. तापमान एकदम चढलं. यातलं पहिल्या तिन्हींपैकी एकही दिसलं तर त्या दिवशी ३० अंशांच्या वर आणि तशा उताराखाली जाणं संपलं. यावर गटात चर्चा कशाला करायची हे मला कधी कळलेलं नाही.

ओल्या बर्फाचा हिशेब निराळा आणि तुलनेने सरळ आहे, कारण तो घड्याळावर चालतो. रात्री आकाश निरभ्र राहून पृष्ठभाग घट्ट गोठला असेल तर पहाटे चाला आणि ऊन लागून बर्फ मऊ पडायच्या आत उतरा. बूट घोट्याच्या वर रुतायला लागले, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत खाली येऊ लागले, की उशीर झालेला आहे. ढगाळ रात्री बर्फ गोठतच नाही, तेव्हा पहाटे निघून फायदा नाही. पाण्याने भिजलेला बर्फ ३० अंशांच्या खालीही सुटतो, कोनाची सवलत तिथे पूर्ण लागू नाही. गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावर जमिनीपर्यंत उघडलेली मोठी फट दिसली तर तो अख्खा थर सरकतोय. तो कधी सुटेल हे कोणालाही सांगता येत नाही, दिवसा, रात्री, थंडीतही. अशा फटीखालून जायचं नाही, थांबायचं तर मुळीच नाही.

समजा विचार करून एखादा संशयित तुकडा ओलांडायचाच ठरला. एका वेळी एकच जण. बाकीचे खरोखर सुरक्षित जागी, म्हणजे सोंडेवर किंवा मोठ्या खडकाच्या आड, आणि सगळ्यांचे डोळे ओलांडणाऱ्यावर. शक्य तितकं वरून, धारेच्या जवळून ओलांडा, म्हणजे सुटलाच तर तुमच्या वर कमी बर्फ असेल. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. मध्ये थांबून श्वास घेणं, फोटो, गप्पा, काही नाही. पलीकडची थांबण्याची जागा आधी ठरवा. पलीकडे गेल्यावर कळतं की तीही त्याच उताराखाली आहे, असं फार वेळा होतं. चढायला घळीच्या पोटातून जाणारी वाट सोपी वाटली तरी सोंड घ्या, वेळ जास्त लागला तरी.

साधनांबद्दल थोडकंच. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (संकेत पाठवणारं आणि पुरलेल्याचा संकेत शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) आणि धातूच्या पात्याचं फावडं. तिन्हीपैकी एक नसेल तर उरलेली दोन जवळजवळ निरुपयोगी. सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. फोन आणि इतर विद्युत उपकरणं पाठवण्याच्या अवस्थेत २० सेंटीमीटर आणि शोधण्याच्या अवस्थेत ५० सेंटीमीटर दूर हवीत, नाहीतर खोटे संकेत मिळतात. एअरबॅगचा, म्हणजे दोरी ओढली की फुगणाऱ्या पाठपिशवीतल्या फुग्याचा, फायदा खरा आहे: २०१४ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात फुगलेल्या एअरबॅगमुळे गंभीरपणे सापडलेल्यांतला मृत्युदर २२ टक्क्यांवरून ११ वर आला. मात्र त्याच विश्लेषणात दर पाचांपैकी एक एअरबॅग फुगलीच नव्हती, बऱ्याचदा ओढायचं राहून गेल्यामुळे.

वेळ मात्र नीट समजून घ्या. स्वित्झर्लंडच्या नोंदींवरून १९९४ मध्ये काढलेल्या आलेखात पूर्ण पुरलेल्यांपैकी १५ मिनिटांपर्यंत ९० टक्क्यांहून अधिक जिवंत सापडत होते आणि ३५ मिनिटांना सुमारे ३० टक्के. अलीकडच्या नोंदींत ही घसरण दहाव्या मिनिटापासूनच सुरू झालेली दिसते. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. वाचवणारे म्हणजे तुमच्याच गटातले, जे पुरले गेले नाहीत ते, म्हणूनच एका वेळी एकच जण ओलांडायचा. थांबलेला बर्फ काँक्रीटच्या जवळ जाईल इतका घट्ट होतो, तेव्हा फावडं कसं मारायचं याचा सराव सपाटीवर आधी झालेला हवा: प्रोबने खोली कळल्यावर थेट वरून खणायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूला खोलीच्या दीडपट अंतरावरून आत शिरायचं. आणि धावत सुटण्याआधी वर पाहायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये तुर्कस्तानच्या वान प्रांतात पहिल्या स्खलनात सापडलेल्यांना शोधायला जमलेल्या लोकांवर दुसरं स्खलन आलं आणि ३० हून अधिक बचावकर्ते गेले.

गटाबद्दल एकच सांगते, कारण तिथेच बहुतेक बेत बिघडतात. निघण्याआधी, गरम खोलीत बसलेले असताना, कुठल्या खुणा दिसल्या तर परतायचं ते बोलून घ्या, आणि गटातल्या सर्वांत नवख्या माणसाचं ‘नाही’सुद्धा कारण न विचारता मान्य होईल हे ठरवून टाका. उताराच्या कडेला थंडीत उभं राहून, खिंड समोर दिसत असताना, हे ठरवायला गेलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं.

तर तुमच्या उताराकडे परत येऊ. सौम्य जागी उभं राहून काठीवर फोन ठेवा आणि मोजा. मग धारेपर्यंतच्या सर्वांत उभ्या भागाचा कोन नकाशावरून काढा. दोन्ही ३० च्या खाली असतील, वर कॉर्निस नसेल आणि खाली घळ किंवा कडा नसेल, तर पावलं असोत वा नसोत, जा. ३० ते ३५ मध्ये असेल तर बुलेटिनमध्ये जुन्या थराचा उल्लेख आहे का आणि तुमची दिशा-उंची त्यात येते का ते पाहा. येत असेल तर परत फिरा, नसेल तर एकेक करून धारेच्या जवळून. ३५ च्या वर असेल तर दुसरी पातळी, ऊन, चाचणी सगळं बाजूला ठेवून सोंडेवरून वळसा घ्या. प्रश्नासोबत तुम्ही पाठवलेल्या नकाशावर खिंडीच्या डाव्या अंगाला समोच्च रेषा बऱ्याच विरळ झालेल्या दिसतात. तास-दीड तास जास्त जाईल, म्हणून निघायची वेळ पाचची करा.